चालू गिरणीची पाटी

नागोरावांनी नोकरी सोडली ती पगारासाठी नव्हे, नावासाठी. इच्चोड्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगात बारा वर्षं त्यांनी मजुरांची हजेरी लिहिली. त्या बारा वर्षांत सेठपासून कापूस वाहणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांनी त्यांना 'हजेरी' अशीच हाक मारली. "ए हजेरी, इकडं ये." "हजेरी, जेवला का?" रोज दोनशे माणसांची नावं लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव मात्र कोणाच्या तोंडी नव्हतं. एकदा बाजारात कोणीतरी त्यांच्या पत्नीला, गयाबाईंना, 'हजेरीनबाई' म्हणालं. त्या रात्री नागोराव जेवले नाहीत.

सत्त्याऐंशी सालच्या नागपंचमीला त्यांनी आंध्राच्या हद्दीतल्या बाजारहत्नूरला आपल्या घराच्या ओसरीत पिठाची गिरणी टाकली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सेठनं मानसुद्धा वर केली नाही.

"हजेरी, धंदा करणं म्हणजे रजिस्टर लिहिणं नव्हे," सेठ म्हणाला. "तुझी खुर्ची मी दसऱ्यापर्यंत रिकामी ठेवतो. डोकं ठिकाणावर आलं की गुपचूप येऊन बस."

हे बोलणं नागोरावांच्या काळजात रुतलं. दसऱ्यापर्यंत गिरणी उभी राहिली नाही, तर पुन्हा त्याच खुर्चीत बसून जन्मभर 'हजेरी' म्हणवून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ होता.

गावात वेशीजवळ हणमंतरावांची जुनी गिरणी होती आणि मराठी घरांचं दळण पंचवीस वर्षं तिकडेच जात होतं. पंचवीस वर्षांची पायवाट कोणी सहज मोडत नाही, हे नागोरावांना ठाऊक होतं. त्यांचा डोळा होता क्वार्टरवर. दोन वर्षांपूर्वी गावाला मंडल कचेरी आली आणि तिच्यामागे कर्मचाऱ्यांची बावीस बिऱ्हाडं आली. सगळी तेलुगू, त्यातली बरीचशी थेट समुद्रकाठच्या कोस्ताकडची. क्वार्टर नागोरावांच्या ओसरीच्या बरोबर समोर. बावीस घरं म्हणजे बावीस डबे, असा साधा सरळ हिशोब होता. त्यासाठी फक्त तेलुगूत पाटी हवी होती.

नागोरावांना बाजारापुरतं तेलुगू बोलता येई. पण शाळा मराठी झालेली, त्यामुळे तेलुगू अक्षर एकही ओळखू येत नव्हतं. म्हणून त्यांनी डोमाजी पेंटरला गाठलं. डोमाजीनं सरकारी कागदावरून बघून-बघून अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवर कुटुंबनियोजन तेलुगूत लिहिलं होतं. त्याला अक्षरं सगळी येत. अर्थाच्या वाटेला तो कधी गेला नव्हता, आणि तशी गरजही पडली नव्हती.

"वरतं मराठीत लिही, 'नागोराव यांची पिठाची गिरणी चालू आहे'," नागोरावांनी सांगितलं. "आन् खालतं तेच तेलुगूत."

"तेच म्हंजे तेच?"

"तेच. तुह्या पदरचं काही टाकू नको."

डोमाजी आज्ञाधारक माणूस. त्यानं पदरचं काहीही टाकलं नाही. मराठी शब्द उचलले आणि जसेच्या तसे तेलुगू अक्षरांत बसवले. मात्र तेलुगू अक्षरं अंमळ ऐसपैस निघाली आणि पाटी संपत आली. मग त्यानं काटछाट केली. 'नागोराव गिरणी चालू' एवढंच मावलं, ते त्यानं वाचून दाखवलं.

"'आहे' राह्यलं ना बाप्पा," नागोराव म्हणाले.

"'आहे' कायले पाह्यजे? गिरणी समोर दिसूनच राह्यली ना!" डोमाजी म्हणाला.

पाटी लागली. दुसऱ्या दिवशी क्वार्टरमधली एक बाई कमरेवर डबा घेऊन आली. नागोराव पट्ट्यावर हात ठेवून सज्ज उभे राहिले. बाईनं पाटी वाचली, नागोरावांकडं पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि डबा घेऊन माघारी गेली. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या आणि दोघीही तशाच गेल्या. चौथ्या दिवशी कचेरीतले एक कारकून फिरायला निघाले होते. ते थांबले, पाटी वाचली, पिठानं माखलेल्या नागोरावांना आपादमस्तक न्याहाळलं आणि छातीशी हात जोडून हळूच निघून गेले. घरातलं कोणी वारल्यावर जोडतात तसे ते हात होते.

नागोराव विचारात पडले. पीठ जाड येतं की काय म्हणून त्यांनी दगडांना पुन्हा टाकी लावली. ओसरी सारवून घेतली. दारात लिंबू-मिरची बांधली. क्वार्टरमधला एकही डबा ओसरीवर चढला नाही.

एका सकाळी मात्र एक तरुण बाई तांदळाचा डबा घेऊन पायरीपाशी आली आणि घुटमळली. पाटी बघावी की चक्की बघावी, अशी तिची चलबिचल चालली होती. नागोरावांना राहवेना. ते दोन्ही हात हलवत पुढं धावले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चालू! चालू! अम्मा, चालू!"

बाईनं डबा पोटाशी धरला आणि चप्पल पायरीवर टाकून पळाली. ती चप्पल गयाबाईंनी मग कुंपणावरून परत दिली.

"काय केलं तुमी तिले?" गयाबाईंनी विचारलं.

"काईच नाही केलं वो! गिरणी चालू हाये म्हटलं."

"मंग पळाली काऊन?"

"मले का माहीत? माह्या तोंडाकडं पाहून पळाली असंन," नागोराव म्हणाले. आपल्या तोंडातच काहीतरी अपशकुनी आहे, असं त्या दिवशी त्यांना खरोखर वाटलं.

मग क्वार्टरमधली कुजबुज गावात आली. नागोराव गिरणी बंद करून राह्यले, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं? कचेरीतली माणसं. आता कचेरीतली माणसं म्हणतात म्हणजे कुठंतरी कागद झालाच असणार, दस्तखत आणि शिक्क्यासकट. निजामाच्या काळापासून गावाची हीच समजूत होती. परिणामी शेजारधर्म म्हणून ज्वारी आणणारी चार मराठी घरंही परत हणमंतरावांकडं गेली. बंद पडणाऱ्या गिरणीत पीठ अडकून बसलं तर काय करायचं?

घटस्थापनेच्या दिवशी खुद्द हणमंतराव आले. डोक्यावरची टोपी काढून ओसरीवर बसले आणि टोपी मांडीवर ठेवली. गयाबाईंनी चहा दिला. तोही त्यांनी आवाज न करता घेतला.

"कवा ठरवलं मंग?" अखेर त्यांनी विचारलं.

"काय?"

"नाही, घाई नाही. मन घट्ट करा. धंद्यात असं होत राह्यते." हणमंतरावांनी उसासा सोडला आणि चक्कीकडं नजर टाकली. "दगड नवे दिसतात. तुमी इकसान तवा पयले मले इचारा. परक्याच्या घरी जावाले नको."

आपल्या घरातलं मयत आपल्यालाच ठाऊक नसावं, तशी नागोरावांची अवस्था झाली. त्यात संध्याकाळच्या मोटारीनं जिनिंगचा निरोप आला: ऐकून वाईट वाटलं, दसऱ्याला मुनीम न्यायला येईल, तयार राहणे. निरोपाच्या कागदावर नाव नव्हतं. वर 'हजेरी' एवढंच लिहिलं होतं.

"जातो मी परत," नागोराव म्हणाले. "आपलं नशीबच तेवढं."

गयाबाई उठल्या. त्यांनी रिकाम्या गिरणीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच, तरी पुसली.

अष्टमीला क्वार्टरमधल्या सत्यवतम्मांकडून गयाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. सत्यवतम्मा म्हणजे हात जोडून गेलेल्या त्या कारकुनाच्या पत्नी. गयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेल्या. चिंचेचा पिवळा भात पानावर वाढला गेला. त्यांनी तो संपवला. सत्यवतम्मांनी पुन्हा वाढला, तोही संपवला. तिसऱ्यांदा भाताचा डाव पुढं आला, तेव्हा गयाबाईंनी पानावर आडवा हात धरला आणि तेलुगू घरात पाहुण्यानं जे म्हणायचं असतं तेच म्हटलं, "चालु, चालु."

सगळ्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. सत्यवतम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या यजमानांनी पण तेच लिहिलंय," त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या. "इतकं काय दुःख आहे हो त्यांना?"

गयाबाईंचा हात पानावर तसाच राहिला.

त्या घरी आल्या त्या पदर खोचून, धावतच. नागोराव ट्रंकेत कपडे भरत होते. "आवो, बाहेर या! ते पाटी पाहा!"

"रोज पाहूनच राह्यलो ना मी."

"जेवताना तेलुगू बाई भात वाढत आली, का तुमी काय म्हंता?"

"चालु म्हंतो. बस झालं, म्हणून."

"आन् पाटीवर काय लिव्हलं?"

नागोरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. दोन्ही शब्द लहानपणापासून त्यांच्या जिभेवर होते, पण एकमेकांना कधी भेटले नव्हते. बोलताना तेलुगूतला तो 'च' दातांवर घासून येतो, चमच्यातल्या 'च'सारखा. कागदावर मात्र दोन्ही सारखेच. गावातल्या जुन्या तेलुगू माणसांना मराठी 'चालू' कळत होतं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. ज्यांना वाचता येत होतं, ती कोस्ताकडची. दोन महिने नागोरावांच्या दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: नागोराव, गिरणी, पुरे झालं.

"आन् वरतून तुमी हात हलवून वरडले," गयाबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. नागोरावही शेजारी बसले. ते नुसतेच रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोमाजीला पाटीपुढं उभा केला.

"अक्षर चुकलं असंन तं बोट कापून देतो," डोमाजी शांतपणे म्हणाला. "अर्थाची जिम्मेदारी माही नोती. तुमीच म्हटलं, पदरचं टाकू नको."

"बरं बाप्पा, पण आता तं बदल!"

"आज? आज खंडेनवमी हाये. बुरूश पूजेत ठेवले. आज बुरशाले हात लावला तं सालभर हात थरथरते. आता दसरा झाल्यावरच."

म्हणजे पाटी दसऱ्याला तशीच राहणार होती. पण पाटीची गरज आता उरली नव्हती. सत्यवतम्मांनी बावीस घरांत खुलासा केला होता, आणि बावीस घरं पोट धरून हसली होती. दोन महिने एका माणसाची उगाच कीव केली, याची जराशी लाजही त्यांना वाटत असावी. दसऱ्याच्या सकाळी चक्कीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला आणि पायरीवर डबे लागले. एक, तीन, सात, चौदा. पळून गेलेली ती तरुण बाईही आली. या वेळी तिनं चपला आधीच नीट काढून ठेवल्या.

सगळ्यात पुढं सत्यवतम्मांचा डबा होता. "नागोरावगारू," त्या म्हणाल्या, "तांदूळ आहेत. बारीक दळा."

नागोरावांनी मागं वळून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. आपल्यालाच हाक मारली, तीही नावानं आणि वर 'गारू' असा मान देऊन, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. नाव तेवढं डोमाजीनं बरोबर लिहिलं होतं. ते डबा उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. डोळ्यांत पीठ गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दळण अजून सुरू व्हायचं होतं.

दुपारी मुनीम आला. निजामाबादकडचा तेलुगू माणूस, वाचायला फक्त तेलुगू येणारा. तो आधी पाटीपाशी थांबला, खालची तेलुगू ओळ वाचली, आणि त्याचा चेहरा समाधानानं फुलला.

"पाटी वाचली," तो गिरणीच्या आवाजावर ओरडला. "चलो हजेरी! सेठनं खुर्ची ठेवली है. नौकरी का क्या बोलते?"

नागोरावांनी वरच्या पेटीत कोणाची तरी ज्वारी ओतली. कपाळावरचं पीठ कपाळावरच पसरवलं. मग मुनीमाकडं वळून त्यांनी एकच शब्द उच्चारला, अगदी स्वच्छ तेलुगूत, 'च' दातांवर नीट घासून.

"चालु."

मुनीमानं पायरीवरचे डबे पाहिले. चक्कीवरचा हार पाहिला. त्याला सगळं समजलं. नमस्कार करून तो परतीच्या मोटारीला लागला.

जिनिंगात सेठ वाट पाहत होता. "काय म्हणाला हजेरी? नोकरीचं काय?"

मुनीम प्रामाणिक माणूस. मालकाच्या कानावर शब्द जसाच्या तसा घालायचा, पदरचं काही टाकायचं नाही, हे त्याचं ब्रीद. त्यानं तोच शब्द सांगितला.

सेठची हयात मराठी बोलण्यात गेली होती, एवढीच काय ती अडचण झाली. "चालू म्हणाला ना? मी म्हणत नव्हतो!" असं म्हणून त्यानं खुर्ची पुसून घेतली आणि सण आटोपून येणारच म्हणून आपल्या माणसाची हजेरी त्या दिवसापासून स्वतःच्या हातानं मांडायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंतच्या त्या रजिस्टरात नागोराव रोज हजर आहेत. एकही खाडा नाही.