एफीची बैठक

आमच्या डोंगरावरचं एकही नाव मला विचारल्याशिवाय कागदावर चढणार नाही, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मोरनाबाई इन्व्हरनेस शहरातून आमच्या बेटावर आल्या होत्या, जागांची आमच्या गेलिक भाषेतली नावं आणि त्यांचे अर्थ टिपून घ्यायला. ती नावं नव्या नकाशावर जाणार होती. मला त्यात एकच नाव घालायचं होतं.

माझी बायको एफी गेल्या हिवाळ्यात गेली. डोंगराच्या वाटेवर एक चपटा दगड आहे, तिथे ती थर्मासमधला चहा पीत बसायची. तो दगड 'एफीची बैठक' म्हणून नकाशावर यावा, एवढंच माझं म्हणणं. मग पुढे कुणीही वर जावो, तिचं नाव घेऊन जाईल.

पण मोरनाबाईंचा एक नियम होता. एकाने सांगितलेलं नाव गावातल्या दुसऱ्यानेही आपणहून सांगितलं, तरच ते खरं. म्हणून मी शेजारच्या लॅखलनला आधीच गाठलं.

"त्या चपट्या दगडाला 'एफीची बैठक' म्हणायचं. कळलं?"

त्याने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं. "बैठक? बरं, तू म्हणशील तसं."

"विसरशील."

"अरे टॉरमॉड, एफीसाठी काय वाटेल ते करीन. एका दगडाचं काय घेऊन बसलास?"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. लॅखलन मदतीला धावला की त्यापेक्षा वादळ परवडतं!

मोरनाबाई त्याच्याकडून थेट माझ्याकडे आल्या. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, स्कोनच्या छोट्या पावाला लोणी लावलं आणि म्हणाल्या, "काका, ही एफी कोण? कुणी संत होती का?"

"का हो?"

"लॅखलनकाकांनी सांगितलं, एफीची बैठक, एफीचा झरा, एफीची टेकडी, एफीची दलदल. समोरच्या खाडीतलं बेटसुद्धा एफीचंच."

त्या बेटावर एफी जन्मात गेली नव्हती. तिला बोट लागायची.

"बायको माझी," मी म्हणालो. "बाकी सगळं खोडा. दगड तेवढा ठेवा."

"काका, या डोंगरावर कुणी नुसतं बसलं म्हणून नाव पडलेलं नाही. सुताराचा पाय मोडला, ती सुताराची घळ. पाद्री घोड्यासकट चिखलात गेले, ते पाद्र्याचं डबकं. एफीबाईंनी काय घोटाळा केला होता?"

"घोटाळा? एफीने? तिचा कधी स्कोनसुद्धा करपला नाही."

मोरनाबाईंनी हातातला स्कोन हळूच बशीत ठेवला. तो मी केला होता.

"चला दगडापाशी," त्या उठल्या. "वाटेत भेटेल त्याला मी विचारीन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

भेटली लॅखलनची बहीण बेल्ला, मेंढ्या घेऊन दगडापाशीच उभी. लॅखलनही मागोमाग धापा टाकत आला, मी शिकवलेलं तिला शिकवायला. पण त्याला उशीर झाला होता.

"बेल्लामावशी, या दगडाला काय म्हणतात?"

बेल्लाने माझ्याकडे बघितलं. "याच्यासमोर सांगू?"

"सांगा."

"एफीची चूक."

"बेल्ला!" लॅखलन म्हणाला. "त्याला माहीत नाही ते."

"मग आता होईल. बाई, लिहून घ्या. एफी गुरं घेऊन वर आली होती, हे ध्यान तिच्या मागे मागे. याच दगडावर बसून ती याला लग्नाला हो म्हणाली. तेव्हापासून अख्खा गाव हेच म्हणतो."

"आणि एफी?" मी विचारलं.

"तिनेच तर नाव पाडलं. 'चुकीवर बसून चहा पिऊन येते,' म्हणायची."

एक मेंढी शिंकली.

"काका," मोरनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "नाव पक्कं आहे, लॅखलनकाकाही आत्ता बोलून गेले. अर्थही पक्का. पण तुमची हरकत असेल तर मी सोडून देते."

मी दगडाकडे बघितलं. नकाशावर एफी येत होती. पण येताना मलाही कान धरून आणत होती.

"लिहा," मी म्हणालो. "पण खाली एवढंही लिहा, की ही चूक तिने शेवटपर्यंत सुधारली नाही."

"सुधारणार होती की," बेल्ला म्हणाली. "दर वर्षी म्हणायची, यंदा सगळं जळण वाळून घरी येऊ दे, मग बघते."

आमच्याकडे सगळं जळण कधीच घरी आलं नाही. ते आणायचं काम माझ्याकडे होतं.