हलायचं नाही

तोंड

"मी नोकरी सोडतोय," भिंगरी म्हणाला.

साहेब पडद्यावरचे आकडे बघत होते. "कुठे मिळाली?"

"चौकात."

"कुठली कंपनी ही?"

"कंपनी नाही, साहेब. चौक. मी जिवंत पुतळा होणार आहे. अंगाला रंग लावायचा आणि न हलता उभं राहायचं. लोक बघायला थांबतात. समारंभांना बोलावतात."

साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "न हलता? तू?"

शंका रास्त होती. ऑफिसात त्याला भिंगरी म्हणत ते उगाच नाही. कुणाची सही हवी असली, कुणाचा प्रिंटर अडला, पाहुण्यांना चौथ्या मजल्यावर सोडायचं असलं, की हा निघाला. त्याच्या खुर्चीवर त्याचं जॅकेट बसायचं, तो कधीच नाही. अशाच एका दुपारी तो लिफ्टमध्ये शिरला आणि आपल्या मजल्यावर उतरायचं विसरला. दार उघडलं, मिटलं. लिफ्ट वर गेली, खाली आली. माणसं चढली, उतरली. तो आरशाजवळ नुसता उभा राहिला. नोकरीला लागल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"महिनाअखेरपर्यंत तुझी खुर्ची कुणाला देत नाही," साहेब म्हणाले. "येशील परत."

"नाही येणार."

"येशील. आणि येताना तिसऱ्या मजल्यावरून ती फाइल घेऊन ये."

पाठ

भिंगरीचे बाबा एका कचेरीत खिडकीमागे बसून निवृत्त झाले होते. त्यांना हे समजावणं सोपं नव्हतं.

"उभं राहणं हे काम आहे?"

"कला आहे, बाबा."

"मग मी अख्खी नोकरी बसून काढली, ती काय होती?"

"तीही कलाच होती," भिंगरीची बायको म्हणाली. "खिडकीवर लोक घसा फोडून ओरडायचे आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही म्हणे."

हे बाबांना कौतुक वाटलं. त्यामुळे ते जरा मऊ झाले आणि त्यांनी अट घातली. "पहिलं काम मिळेल ना, त्यात हललास की दुसऱ्या दिवशी ऑफिस. निमूटपणे. कबूल?"

"कबूल."

"आणि नाही हलला तर?" बायकोने विचारलं.

"तर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून आपलाच फायदा," ती म्हणाली.

सराव सुरू झाला. भिंगरी कपाट आणि फ्रिज यांच्या मध्ये उभा राही. बाबा समोर खुर्चीत बसत आणि डोळ्यांत तेल घालून बघत.

"हललास."

"श्वास घेतला."

"श्वास घेताना हललास."

बायको जाता येता त्याच्या हातावर ओला टॉवेल वाळत टाकी. एकदा तिच्या लक्षात आलं, की उभ्या माणसाने दोनदा पाय बदललाय, पण खुर्चीतल्या माणसाची पापणीसुद्धा लवलेली नाही. ती घाबरली. तिने सासऱ्यांच्या नाकासमोर हात धरला.

"काय गं?" बाबा म्हणाले.

"काही नाही. आहात ना, बघितलं."

हात

पहिलं काम फोनवर आलं. समारंभ भरवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता.

"सर, एका कंपनीत संस्थापकांच्या पुतळ्याचं अनावरण आहे. पुतळ्याला भट्टीतच तडा गेला. नवा यायला वेळ आहे. पाहुणे मात्र आज येतायत."

"मग सांगा ना त्यांना तसं."

"थोरल्या बाईंना? संस्थापकांच्या पत्नी त्या. कंपनी त्याच चालवतात. तुम्ही भेटला नाहीत त्यांना, म्हणून बोलताय. फक्त पडदा सरकेपर्यंत आणि टाळ्या होईपर्यंत उभे राहा. मग सगळे वर जेवायला जातील आणि मी तुम्हाला उचलून नेते."

त्यांनी संस्थापकांचा फोटो पाठवला. कोट, झुपकेदार मिशी, पुढे आलेलं पोट. भिंगरीला रंगवलं, मिशी चिकटवली, पोटावर उशी बांधली आणि कापडात गुंडाळून टेम्पोत घातलं. कुठे नेतायत ते त्याने विचारलं नाही. पुतळे विचारत नाहीत.

चौथऱ्यावर उभं केल्यावर कापडाच्या आत त्याला लिफ्टची घंटा ऐकू आली. दार आधी सरकलं आणि टिंग मग झालं. सगळ्या लिफ्टमध्ये टिंग आधी होतं. एकाच लिफ्टमध्ये ते मागाहून होत असे, आणि त्या लिफ्टने त्याने वर्षानुवर्षं वरखाली केलं होतं. संस्थापक त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या मजल्यावर त्यांच्या फोटोऐवजी आगीत काय करावं याचा तक्ता होता.

कापड सरकलं. समोर त्याचं अख्खं ऑफिस उभं होतं.

ज्यांनी इतकी वर्षं त्याच्याकडे धड पाहिलं नव्हतं, ते आता वाकवाकून पाहू लागले. "नाक ओळखीचं वाटतंय रे," हिशेब विभागातलं कुणी म्हणालं. "संस्थापकांचंच ना ते." "हां, मग बरोबर."

मग गर्दी दुभंगली. काठी टेकत थोरल्या बाई आल्या आणि त्यांनी पुतळ्याला एक फेरी घातली.

"हात वर कशाला केलाय?"

"आशीर्वाद देतायत, बाई," समारंभवाल्या बाई म्हणाल्या.

"ह्यांनी कुणाला दिला? हात खिशात घाला म्हणावं."

"नंतर करून घेते."

"आत्ता."

तेवढ्यात कंपनीच्या वाटचालीची फिल्म लावण्यासाठी दिवे गेले. अंधारात भिंगरीच्या कानाशी कुजबुज झाली. दिवे आले तेव्हा हात खिशात होता.

"कारागीर चपळ आहे तुमचा," थोरल्या बाई म्हणाल्या.

"जागेवरच असतो," समारंभवाल्या बाई म्हणाल्या आणि कपाळ पुसलं.

हनुवटी, भुवया, पोट

"हनुवटी खाली करा. एवढी वर नको."

दिवे गेले. फिल्म पुन्हा पहिल्यापासून. दिवे आले.

"भुवया सोडा. माझंच काहीतरी चुकल्यासारखं बघतायत."

समारंभवाल्या बाई काही बोलायच्या आत थोरल्या बाईंनीच फर्मावलं, "घालवा दिवे." कंपनीचा पहिला कारखाना पाहुण्यांनी तिसऱ्यांदा पाहिला.

"पोट आत."

"पण पोट तर होतं ना त्यांना, बाई?"

"होतं. मी आत घ्या म्हणत होते. घालवा दिवे."

अंधारात भिंगरीने उशी मागून ओढून घेतली आणि उरलेलं स्वतःचं पोट आत घेतलं. कसंही झालं तरी तो हलणार नव्हता. अंधारातलं हलणं धरायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. ऑफिस पाच मजले वर होतं, खुर्ची रिकामी होती, आणि आता एवढंसं बोट जरी हललं असतं तरी उद्या त्याला लिफ्टने वर जावं लागलं असतं.

पाय

पाहुणे जेवायला गेले आणि फिटर आला. त्याच्या हातात ड्रिल होतं.

"बुटात दोन भोकं पाडतो आणि बोल्ट कसतो," तो म्हणाला. "पुतळा हलायला नको."

"हा नाही हलणार," समारंभवाल्या बाई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात, ताई. मग पुतळा पडतो आणि नाव फिटरचं येतं."

त्याने ड्रिलचं टोक डाव्या बुटावर टेकवलं. बुटाच्या आत भिंगरीच्या पाचही बोटांनी अंग चोरलं. ते बाहेरून दिसत नव्हतं, त्यामुळे तेही धरायचं नाही.

"थांबा," समारंभवाल्या बाई म्हणाल्या. "उद्या थोरल्या बाई म्हणाल्या, पुतळा जरा दाराकडे फिरवा, तर बोल्ट कोण उपसणार?"

फिटरने थोरल्या बाईंचा विचार केला. मग ड्रिलची वायर गुंडाळली.

"टेम्पो दाराशी आणते," समारंभवाल्या बाई पुतळ्याच्या पोटाशी पुटपुटल्या आणि पळाल्या.

कान

दार सरकलं, मग टिंग झालं. साहेब एकटेच खाली आले.

"नमस्कार, साहेब," साहेब पुतळ्याला म्हणाले. मग जरा जवळ सरकले.

"माझ्याकडचा एकजण नोकरी सोडून गेला. चौकात उभा राहतो म्हणे. मी त्याला म्हणालो, येशील परत. रोज त्याची रिकामी खुर्ची बघतो आणि वाटतं, नाही आला तर बरं."

पुतळा ऐकत होता. त्याला दुसरा इलाज नव्हता.

"कारण काय आहे, साहेब, मला आवाज येतात."

पुतळ्याला धडकी भरली.

"म्हणजे काढता येतात. प्राण्यांचे. लहानपणापासून. घरी कुणाला माहीत नाही." साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि टाय सैल केला. "घोडा."

आणि ते खिंकाळले. साधंसुधं नाही. ओझं घेऊन चढ चढणारा, मालकावर रागावलेला घोडा होता तो. मग कळपातून चुकलेली बकरी झाली. दारातून पहारेकरी डोकावला. साहेब टाय नीट करत होते. पहारेकरी गेला.

"म्हैस अजून हवी तशी जमत नाही," साहेब म्हणाले. तिमाहीचे आकडे खाली आले की त्यांचा असाच सूर लागायचा. "पण ही बघा. कोंबडी. आत्ताच अंडं घातलंय आणि कुणी लक्ष देत नाहीये."

डोळे

हसू पोटातून निघालं. पोट बाईंच्या हुकमाने आत ओढलेलं असल्यामुळे तिथे त्याला जागा नव्हती. ते छातीत गेलं, गळ्यात चढलं, ओठांशी अडलं. शेवटी डाव्या डोळ्यातून एक थेंब बाहेर पडला आणि रंग धूत मिशीपर्यंत आला. तो सगळाच्या सगळा हसण्याचा होता, असंही नाही.

साहेब अर्ध्या कोंबडीवर थांबले. एक पाऊल मागे सरले.

"तुम्हाला पटतंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टमध्ये शिरले.

"कोंबडी चांगली होती," खांबाच्या मागून आवाज आला.

थोरल्या बाई तिथल्या सोफ्यावर बसल्या होत्या. जेवायला गेल्याच नव्हत्या. काठी टेकत त्या समोर आल्या.

"आता हललास तरी चालेल."

भिंगरी हलला नाही.

"अरे, मला मघाशीच कळलं. धातूला घाम येत नाही."

भिंगरी तरीही हलला नाही. काम अजून संपलं नव्हतं.

"मग मी दिवे कशाला घालवत होते, असं वाटत असेल तुला. आयुष्यभर ह्यांना सांगितलं. हात खिशात ठेवा, हनुवटी खाली ठेवा, पोट आत घ्या. एकदा ऐकलं नाही. आज एका संध्याकाळी सगळं ऐकलं." त्यांनी आपल्या रुमालाने त्याचा गाल टिपला. "बरं वाटलं रे."

पुन्हा तोंड

"अश्रू हलला," बाबा म्हणाले.

"अश्रू हलला. हा कुठे हलला?" बायको म्हणाली.

"अश्रू ह्याचाच ना?"

"मला घाम आला तर मी हलले का, बाबा?"

बाबांनी स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं. तेवढ्यात समारंभवाल्या बाईंचा फोन आला. भिंगरीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"सर, थोरल्या बाईंनी धातूचा पुतळा रद्द केला. त्यांना ऐकणारा हवाय. कायमची नेमणूक. नऊ ते सहा, रविवार सुट्टी, कपडे बदलायला खोली."

बाबांचा चेहरा उजळला. "बघ. तीच कंपनी, तीच वेळ आणि आता फाइलसुद्धा आणायची नाही."

"नाही," भिंगरी म्हणाला.

"का?"

"मी माझ्या मर्जीने हलत नाही, बाबा. नऊ ते सहा हलायचं नाही असं ठरलं, की झाली नोकरी. त्या लिफ्टच्या घंटेखाली मी परत उभा राहणार नाही. बाई चांगल्या आहेत. पण नाही."

"अहो, मग मी दुसरा कुठून आणू?" फोनमधला आवाज पुन्हा रडकुंडीला आला. "वयस्कर दिसणारा, जरा पोट असलेला, तासन् तास पापणी न हलवणारा?"

बायकोने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं आणि ती तिथेच बघत राहिली.

बाबांनी घसा खाकरला. "जागा कायमची म्हणाल्या ना त्या?"

मान

आता बाबा रोज डबा घेऊन जातात. जन्मात घरातल्या कुणाचं ऐकलं नाही, पण थोरल्या बाईंनी हनुवटी म्हटलं की हनुवटी खाली. पहिल्यापेक्षा हा पुतळा जास्त खरा वाटतो, असं पहारेकऱ्याचं मत आहे. भिंगरी चौकात उभा राहतो, बोलावलं तिथे जातो. महिनाअखेर झाली आणि वरची खुर्ची कुणाला तरी मिळाली. ती बातमी बाबांनीच आणली. त्यावर ते काही बोलले नाहीत. शब्द दिला होता.

परवा मात्र ते रंग नीट न पुसताच घरी आले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "तुझे साहेब आले होते. खाली कुणी नसताना. म्हैस जमली त्यांना."

"आणखी काय म्हणाले?"

"राजीनामा खिशात घेऊन फिरतायत. देऊ का, असं विचारत होते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"मी काय सांगणार? पुतळा आहे मी."

"तेही खरंच."

बाबांनी कप खाली ठेवला. कानामागे राहिलेला रंग नखाने खरवडला.

"मान हलली जराशी," ते म्हणाले.

भिंगरी आणि त्याची बायको एकदमच वळले. "कशी?"

बाबांनी आधी दाराकडे पाहून घेतलं. कंपनीचं कुणी नव्हतं. मग त्यांनी ती सावकाश वरून खाली आणि खालून वर करून दाखवली.