बेचाळीस इंचांची गाय

सोमवारी सकाळी अकरा वाजता पशुमापन कार्यालयाच्या टेबलावर एक उंदीर मांजर झाला, आणि खुद्द उंदराखेरीज कोणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. तक्ता क्रमांक चार स्वच्छ होता: शेपूट वगळून दहा इंचांच्या आत तो उंदीर, दहाच्या वर ते मांजर. हा प्राणी पंधरा इंच भरला. मोजणीदारांनी चष्मा पुसून पुन्हा मोजला. पुन्हा पंधरा. "मांजर, नर, राखाडी," त्यांनी नोंदवहीत लिहिलं आणि खाली सही केली.

मोजणीदार बावीस वर्षं या बेटावर माणसं सोडून सगळं मोजत आले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही खोटं माप लिहिलं नव्हतं. सासऱ्यांच्या बैलाला पाव इंच वाढवून द्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हापासून सासरे त्यांच्याशी बोलत नव्हते. सचोटीचं फळ लगेच मिळतं ते असं, असं मोजणीदार म्हणत.

बावीस वर्षं नुसती मापं होती, म्हणून सगळं सुरळीत होतं. मग बोटीने मुख्यालयाचा तक्ता आला आणि तक्त्याबरोबर साहेब आले. साहेब रुंदीला दोन माणसांचे आणि उंचीला बुटांसकट पाच फूट दोन इंच होते. बुटांबद्दल कोणी बोलायचं नाही, अशी कार्यालयात तोंडी सूचना होती.

पहिल्याच बैठकीत गुराढोरांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. "साहेब, हा तक्ता तुमच्या थंडीतला आहे. तिकडे ऊब धरून ठेवायला जनावराला मोठं अंग लागतं. इथे ऊन, चारा बेताचा आणि वाघ-लांडगा औषधाला नाही. थोडक्यात भागवता भागवता गाय पिढ्यान्‌पिढ्या लहान झाली. उंदराला लपायचं कारणच उरलं नाही, म्हणून तो वाढला. झाडांचंही तेच. ओसाड गावी एरंड बळी, म्हणतात ना?"

"किती बळी?" साहेबांनी विचारलं.

"कोण?"

"एरंड."

"असेल तीस फूट."

"वटवृक्ष," साहेब मोजणीदारांना म्हणाले. "लिहून घ्या."

"अहो, पण हा निसर्गाचा नियम आहे!"

"निसर्गाकडून तसं पत्र आलंय का? आवक क्रमांक सांगा."

डॉक्टरीणबाईंकडे आवक क्रमांक नव्हता. त्या खाली बसल्या आणि तक्ता लागू झाला.

धान्याच्या गोदामात मांजरांच्या सहा जागा वर्षभर रिकाम्या होत्या, त्या दुपारच्या आत भरल्या. नवनियुक्त मांजरं आधीपासून गोदामातच राहत असल्यामुळे बदलीची कटकट झाली नाही. प्रत्येकाला रोज वाटीभर दूध मंजूर झालं. आठवडाभरात गोदामात उंदीर नावालाही उरला नाही, असा अहवाल गेला, आणि नाव हीच बाब असेल तर तो शब्दशः खरा होता. डोक्यावर गेलेलं गवत तक्त्यात झाड ठरलं, त्यामुळे भारा कापायला वृक्षतोडीची परवानगी लागू लागली.

पुढच्या बुधवारी पाळी आली ठमीची.

ठमी ही मोजणीदारांच्या बायकोची गाय. बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. तिच्याखेरीज दुसऱ्या कोणी आचळाला हात लावला, तर ठमी बादली उलटी करायची. मोजणीदारांनी अंगणात जाऊन माप घेतलं: पस्तीस इंच. तक्त्याप्रमाणे बेचाळीसच्या आतली गाय ही गाय नसून वासरू होती.

"वासरू?" बायको म्हणाली. "अहो, अकरा वर्षांची आहे ती! चार वेतं झालीत तिची!"

"तक्त्यात वयाचा रकाना नाही गं. उंचीचा आहे."

"आणि हे तिच्या पायाशी उभं आहे ते काय?"

"बोकड," मोजणीदार खाली बघत म्हणाले. "काल नोंद झाली."

पुढचं सगळं ओघाने आलं. वासराचं दूध काढणं ही क्रूरता, म्हणून धार बंद. रकाना सात: वासराची आई. ठमीची आई दहा वर्षांपूर्वी गेलेली. सबब वासरू अनाथ. आणि अनाथ वासरांनी शुक्रवारच्या बोटीने मुख्यालयाच्या संगोपन केंद्रात जायचं, असा नियम होता.

बायकोने ठमीचं दावं हातात घेतलं. मग म्हणाली, "सात इंच जास्त लिहा. एकदाच."

"खोटं माप? माझ्या हातून?"

"बरं. मग रकाना सात भरा."

"काय लिहू?"

"आई म्हणून माझं नाव लिहा. अनाथ नाही ती. आणि ती बोटीत चढली तर मीही चढेन."

मोजणीदारांनी नोंदवही मिटली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि ही बाई पोकळ धमकी देत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शिवाय ठमीची हाडकुळी पाठ हाताखाली धरून माप घेताना त्यांनी ती दोनदा खाजवलीही होती, ते त्यांनी नोंदवहीत लिहिलं नव्हतं. ते ओसरीवर जाऊन आपली शपथ आठवू लागले. 'मी खोटं माप लिहिणार नाही.' त्यांनी ती तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की शपथेत पट्टीबद्दल अवाक्षर नाही.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली आणि मागच्या अंगणात रंधा, शाई आणि बारीक ब्रश घेऊन बसले.

शुक्रवारी धक्क्यावर साहेबांदेखत ठमीला नवी पट्टी लावली. बेचाळीस इंच, सूत कमी नाही की सूत जास्त नाही.

"बुधवारी ही पस्तीस होती," साहेब म्हणाले.

"होय साहेब."

"दोन दिवसांत सात इंच?"

"पट्टी नवी आहे साहेब. जुनी फार जुनी झाली होती."

साहेबांनी पट्टी हातात घेतली. एका इंचावर अंगठा ठेवला. अंगठा इंचाबाहेर आला. मोजणीदारांना बावीस वर्षं समुद्रात बुडताना दिसली.

"साहेब," बायको पुढे झाली, "जनावराचा काय भरवसा, अंग चोरतं. तुम्हीच उभे राहून बघा की. माणूस खोटा भरायचा नाही."

साहेब खांबाला टेकून उभे राहिले. मोजणीदारांनी पट्टी लावली आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे पुटपुटले.

"मोठ्याने वाचा."

"सहा फूट दोन इंच साहेब. वर थोडे केस."

साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले. "शाळेपासून मी हेच सांगत होतो," ते म्हणाले. "पट्टी अचूक आहे. गाय सोडा. आणि अशा दोनशे पट्ट्या करून मुख्यालयाला पाठवा."

ठमी घरी आली. बायकोने तिला सरळ उंच गवतात सोडलं. झाड तोडायला परवानगी लागते, झाड खायला लागते असं तक्त्यात कुठेच नव्हतं. गोदामातली मांजरं मात्र नव्या पट्टीने अठरा इंच भरली. अठरापासून पुढे तरस. तरस संरक्षित, म्हणून गोदामाला कुलूप लागलं आणि दारावर 'अभयारण्य' अशी पाटी आली. बेटावर धान्य मिळेना, पण कोणी तक्रार केली नाही. प्रत्येक जण सहा फुटांच्या पुढे गेला होता, आणि एवढी उंच माणसं पोटाचं रडगाणं गात नाहीत.

तक्रार केली ती एकट्या डॉक्टरीणबाईंनी. त्या जुनी पट्टी घेऊन मोजणीदारांच्या दारात आल्या.

"गाय वाचली, आनंद आहे. आता ती पट्टी मोडा."

मोजणीदारांनी दाराच्या चौकटीवर स्वतःच्या उंचीच्या ताज्या रेघेकडे पाहिलं. सहा फूट सात. सासरे काल स्वतःहून येऊन मोजून गेले होते, सहा फूट पाच, आणि जाताना जावयाच्या पाठीवर हात ठेवून गेले होते. "बाई," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मी खोटं माप लिहीत नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तुम्ही हसताय, ते साहजिकच आहे. बेटावरची माणसं, त्यांना जग ठाऊक नाही. बरं, आता वाचून झालंच आहे तर उठा जरा. चौकटीला पाठ लावून उभे राहा. पट्टी मात्र शेजाऱ्याची नको, तुमच्या घरातलीच घ्या. किती भरलात?

वा! म्हणजे आमच्या पट्ट्यांची बोट तुमच्याकडेही येऊन गेली तर.