ठराव क्रमांक सात : खून वहिनीने केला

नवीन पनवेलच्या जलतरंग सहकारी गृहनिर्माण संस्थेत फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी सहा वाजता सभासदांच्या करमणुकीसाठी एक चित्रपट दाखवण्यात आला आणि आठ वाजून दहा मिनिटांनी त्यात खून झाला. खाडीकाठचं घर, घरात विधवा वहिनी, तिचा दीर आणि तीस वर्षं तिथं राबलेला गडी. जमिनीचे कागद कोणी बदलले हे गड्याला ठाऊक असतं. शेवटी दिवे जातात, कोयता उचलल्याचा आवाज येतो, गडी पडतो आणि पडद्यावर श्रेयनामावली सुरू होते. कोयता वहिनीनं उचलला की दिरानं, हे दिग्दर्शकानं सांगितलेलंच नव्हतं.

संस्थेचे सचिव कृष्णकांत वैशंपायन यांना ही गोष्ट खटकली. न्हावा शेवा बंदरात एका मालवाहतूक कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं कागद तपासले होते. पाठवणाऱ्याचं नाव नसलेला कंटेनर त्यांनी कधी बंदराबाहेर जाऊ दिला नव्हता. मग करणाऱ्याचं नाव नसलेला खून सभागृहाबाहेर कसा जाऊ द्यायचा? बटाटेवडे वाटले जात असतानाच त्यांनी जाहीर केलं की खून वहिनीनं केला. तळमजल्यावरचा बिल्डर परेश ठाकूर म्हणाला, दिरानं.

बुधवारपर्यंत संस्थेचा व्हॉट्सअ‍ॅप गट दुभंगला. दोन पक्षांची माणसं एका लिफ्टमधून जाईनात. पाण्याची मोटर लावण्याची पाळी दीर पक्षाकडे असली की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी पक्षाला पाणी मिळेना. परेशची बायको स्नेहल सहा वर्षं कृष्णकांतांच्या पत्नीबरोबर, सुनंदाबाईंबरोबर, सकाळी फिरायला जात असे. तिनं येणं थांबवलं. सुनंदाबाईंनी नवऱ्याला सुचवून पाहिलं की ज्याला जे वाटतं ते वाटू द्यावं. त्यावर कृष्णकांत म्हणाले की प्रत्येकाला वाटू द्यायचं असतं तर संस्थेची नोंदणी कशाला केली असती.

विशेष सर्वसाधारण सभा झाली. एकेचाळीस विरुद्ध अडतीस मतांनी वहिनी दोषी ठरली. कृष्णकांतांनी आपल्या वळणदार अक्षरात ठराव क्रमांक सात लिहिला : 'गेल्या रविवारी संस्थेच्या सभागृहात सर्व सभासदांच्या उपस्थितीत झालेला खून वहिनीने केला असल्याचे ही सभा बहुमताने मान्य करीत आहे.' चित्रपटाचा उल्लेख त्यात नव्हता. तो सगळ्यांना माहीतच होता आणि अनावश्यक शब्द कृष्णकांत कधी लिहीत नसत.

परेशनं सहकार खात्याकडे तक्रार केली की सभेची नोटीस चौदा दिवस आधी दिलेली नसल्यानं वहिनी निर्दोष आहे. खात्यानं नोटिशीकडे लक्ष दिलं नाही. संस्थेच्या आवारात झालेल्या खुनाची वर्दी पोलिसांना दिली होती काय, एवढंच विचारलं आणि पत्राची एक प्रत माहितीसाठी पोलीस ठाण्याला पाठवली.

चौथ्या दिवशी हवालदार आनंदा पाटील आले. माणूस शिरढोणकडचा, शांत. त्यांनी ठराव दोनदा वाचला. कृष्णकांतांनी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं.

"यात शिनेमा कुठं हाय?" हवालदारांनी विचारलं. "शिक्का तुमचा, सही तुमची. खून झाला असं तुमीच लिवलंय. आता नाय म्हणता."

मग त्यांनी सबुरीनं उलगडून सांगितलं. खून झाला असेल तर तो लपवणं हा गुन्हा. झाला नसेल तर खोटं इतिवृत्त लिहिणं हा गुन्हा. दोन्हींत सही कृष्णकांतांची. एकतीस वर्षांत ज्यांच्या सहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, त्या कृष्णकांतांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी दिग्दर्शकाला पत्र लिहून खुलासा मागवला. एका ओळीचं उत्तर आलं : 'शेवट मी प्रेक्षकांच्या हाती सोपवला आहे.' हवालदारांनी ते कागदपत्रांना जोडलं आणि प्रकरण उपस्थितांच्या हाती सोपवलेलं असल्यानं एकोणऐंशी उपस्थितांचे जबाब घ्यायला बसले.

जबाब तीन दिवस चालले. खून होताना काय करत होतात? बसलो होतो. अडवलं का? नाही. नंतर काय केलंत? वडे खाल्ले. एकोणऐंशी जबाब इतके तंतोतंत जुळले की हवालदारांना शंका आली. अडलं ते एकाच रकान्यात.

"मयताचं नाव?"

कृष्णकांतांनी तोंड उघडलं. वहिनीचं माहेर, दिराच्या घड्याळाचा पट्टा, कोयत्याची मूठ, सगळं ते सांगू शकत होते. "गडी," ते म्हणाले.

"गडी हे काम झालं. नाव सांगा."

परेशला बोलावलं. त्यालाही सांगता येईना. सुनंदाबाई कोणत्याच पक्षात नव्हत्या, म्हणून शेवटी त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून चित्रपट पहिल्यापासून आठवून पाहिला.

"पाण्यासाठी, दिव्यासाठी, छत्रीसाठी, शंभरदा हाक मारली हो वहिनीनं त्याला," त्या म्हणाल्या. "मला नाही आठवत."

त्या दुपारी दोन्ही पक्ष तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकत्र उभे राहून एकमेकांना विचारू लागले. चित्रपट पुन्हा पाहावा असं कृष्णकांतांनी सुचवलं. पण तो सव्वादोन तासांचा होता आणि कागद पाच वाजेपर्यंत ठाण्यात पोचायचे होते. अखेर हवालदारांनी रकान्यात 'अनोळखी इसम' असं लिहिलं. मयताची ओळख न पटल्यानं प्रकरण दप्तरी दाखल झालं. संस्थेनं पोलिसांच्या आभाराचा ठराव एकमतानं मंजूर केला. चौथ्या मजल्यावर पाणी चढलं, स्नेहल पुन्हा फिरायला येऊ लागली.

कृष्णकांतांनी मात्र सचिवपद सोडलं. बागेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ते ही हकीकत सांगतात, स्वतःला जराही न वाचवता. मयताच्या नावापाशी आले की थांबतात आणि समोरच्याकडे पाहत राहतात. ऐकणारा मन लावून ऐकतो, हसतो, मान हलवतो. मग खुर्ची जवळ ओढून विचारतो, "ते सगळं ठीक आहे हो. पण खून नक्की केला कोणी?"