तोताराम आबांची बंद भट्टी

"भरीत करायला काय कलेक्टरची परीक्षा द्यावी लागते?" तोताराम आबा चौधरींनी ओट्यावर जमलेल्या चार माणसांना विचारलं. चौघांनीही नकारार्थी माना हलवल्या, कारण चौघांच्या हातात आबांचाच चहा होता.

"वांगं भाजायचं, ठेचायचं, वरून फोडणी. खलास! ज्या माणसानं तेहेतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळला, त्याला एक वांगं सांभाळता येणार नाही?"

आत त्यांच्या बायकोच्या, लताबाईंच्या हातातला बत्ता क्षणभर थांबला आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झाला. आबांच्या काही ते ध्यानात आलं नाही.

खरं म्हणजे चौधरींच्या घरचं भरीत साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी झाली की पन्नास-साठ पानं सहज उठायची. भरीत करायच्या लताबाई. आबा नुसते पंगतीत फिरायचे आणि मिशीवर हात फिरवत विचारायचे, "कसं झालंय?" लोक म्हणायचे, "एक नंबर, आबा!" वीस वर्षं हे ऐकून ऐकून आबांची मनापासून खात्री पटली होती, की हे भरीत आपणच करतो!

निवृत्तीनंतर घरात बसून कंटाळलेल्या आबांनी म्हणूनच एक जुना टेम्पो घेतला. भुसावळच्या गॅरेजात त्याला एका बाजूनं उघडणारी झडप लावून घेतली, आत ओटा आणि गॅसची शेगडी बसवली, बाहेर पिवळाजर्द रंग दिला. त्यावर सफारीतला स्वतःचा हसरा फोटो, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत: 'तोताराम आबांचे अस्सल खान्देशी भरीत (फिरते केंद्र)'.

"गाडीत वांगी भाजणार कशी?" लताबाईंनी विचारलं. "आपल्याकडं कपाशीच्या काड्यांवर भाजतेत."

"गाडीत काड्या पेटवू? मी स्वतः डोकं लढवून भट्टी बनवलीय. हे पाहा!"

आबांनी एक पत्र्याचं पिंप पुढं केलं. आत तीन मजली जाळी, वर झाकण आणि झाकणाला चार घट्ट खिट्ट्या.

"एका वेळी साठ वांगी! बंद भट्टी! वाफ बाहेर जाणार नाही. वाफ म्हणजेच चव!"

"अहो, पण वांग्याले आधी..."

"तू पुऱ्यांचं पाहा!" आबा म्हणाले.

मुलगी दिपमाला धुळ्याला दिलेली. जावई नवीन तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. गरीब, सरळ माणूस, साहेबांच्या केबिनची घंटा वाजली की घरी बसल्याबसल्यासुद्धा उठून उभा राहील असा. सासऱ्यांच्या आग्रहाखातर त्यानं कचेरीच्या फाटकासमोर गाडी लावायची परवानगी मिळवली. एवढंच नव्हे, तर घाम पुसत पुसत साहेबांना उद्घाटनाचंही विचारलं. साहेब मूळचे कोकणातले. ते म्हणाले, "भरीत? येतो की!"

सोमवारी अकरा वाजता फीत बांधून झाली. लताबाईंना आबांनी लेकीच्या घरीच बसवलं होतं. "ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळ अन् रिक्षानं पाठव. गाडीवर बायामाणसाचं काय काम?" सकाळपासून लताबाईंचा दोनदा फोन आला, पण आबांनी तो कापला. कारण त्या वेळी पंडित नावाचा एक तरुण मोबाईल समोर धरून आबांची मुलाखत घेत होता. त्याचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल होतं.

"आबा, आपल्या भरताचं रहस्य काय?"

"दाब!" आबा म्हणाले आणि मागच्या पिंपाकडे त्यांनी अभिमानानं बोट दाखवलं. आत बामणोदची साठ भरताची वांगी मोठ्या जाळावर होती. "दाबाचं काय ते आम्हाला विचारा!"

साहेब आले, पांढराशुभ्र शर्ट घालून. नवीननं कात्री पुढं केली. साहेब झडपेपाशी वाकले, म्हणाले, "वा! काय खमंग..."

धुम्!

पहिलं वांगं फुटलं. साहेब दचकले. "काही नाही, काही नाही, चव मुरतेय!" आबा म्हणाले. तेवढ्यात धुम् धुम् धाड् धाड् अशी माळच लागली. पिंप ओट्यावर ढोलासारखं नाचू लागलं, एक खिट्टी सुटली, दुसरी सुटली, आणि असा काही बार झाला की समोरच्या कडुलिंबावरचे कावळे थेट बसस्टँडकडे गेले! झाकण टेम्पोच्या टपाला धडकलं आणि भाजलेल्या वांग्यांचा लगदा झडपेतून तोफेसारखा बाहेर आला.

"गॅसनी टाकी फुटनी रे भो! बठ्ठा पळा!" रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! रांगेतली माणसं पळाली. त्यांना पाहून रिक्षावाले पळाले. कचेरीच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं इतक्या चपळाईनं खाली आली की त्यांच्या टेबलांवर वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या फायलींनी ते पाहायला हवं होतं. साहेब तिथंच खाली बसले होते. डोक्यावर राखाडी, ऊन ऊन, लिबलिबीत गोळा. एका शिपायानं तो पाहिला आणि बोंब ठोकली, "साहेबांचा मेंदू बाहेर आला!"

ते ऐकून साहेबांनी डोक्याला हात लावला, हाताकडे पाहिलं आणि शांतपणे बेशुद्ध पडले.

आबा टेम्पोतून उतरले तेव्हा त्यांच्या मिशीवरून बिया ओघळत होत्या. इजा कुणालाच नव्हती. पाणी मारल्यावर साहेबही उठून बसले. इथंच आबा 'वांगी फुटली' असं खरं बोलले असते तर चार माणसं हसून मोकळी झाली असती. पण समोर पंडितचा मोबाईल अजून चालूच होता.

"आबा, काय झालं नेमकं?"

आबांनी मिशीवरच्या बिया पुसल्या. मागे त्यांचा स्वतःचाच सफारीतला फोटो हसत होता. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "टाकीत... टाकीत काहीतरी गडबड होती."

झालं! पंधरा मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी घणघणत आली. जवानांनी आधी टेम्पोवर पाणी मारलं, मग काय पेटलंय ते पाहिलं. काहीच पेटलेलं नव्हतं. पोलीस आले. सकाळी टाकी पोचवणारा लोटन नावाचा माणूस मागच्या गल्लीतच सापडला. त्याला सायकलसकट आणून उभं केलं.

लोटन पन्नाशीचा, काटकुळा. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"साहेब, मी सील पाहूनच टाकी दिली हो," तो एका पोलिसापुढं हात जोडून म्हणाला. "साबणाचं पाणी लावून पाहिलं. या आबांसमोरच पाहिलं. विचारा आबांना!"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी सकाळी ते साबणाचं पाणी स्वतः पाहिलं होतं. गळतीचा एक बुडबुडा आला नव्हता. आबा कडुलिंबाकडे पाहू लागले.

"एवढी घाई कसली असते रे तुम्हाला?" पोलीस लोटनवर खेकसला. "माणसं मेली असती तर?"

लोटननं सायकलचं हँडल घट्ट धरलं. आबांनी कडुलिंबावरची नजर काही काढली नाही.

तेवढ्यात, आबा फोन उचलेनात म्हणून स्वतःच रिक्षानं निघालेल्या लताबाई गर्दीतून वाट काढत आल्या, कडेवर पुऱ्यांचा डबा. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. धडधाकट आहे असं पाहिल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर जमिनीवर गेली. पिंपातून उडालेलं एक अख्खं वांगं साहेबांच्या बुटापाशी पडलं होतं. एका बाजूनं टराटरा फाटलेलं. लताबाईंनी ते उचललं, चहूबाजूंनी फिरवून पाहिलं आणि आबांजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "टोचे नही मारले?"

"कसले टोचे?"

"सुरीनं टोचे मारा लागतेत. नही तं आतल्या वाफेनं फुटते वांगं. हेच सांगाले फोन करू राह्यली होती मी."

वाफ! आबांच्या डोळ्यांसमोर अख्खा बॉयलर उभा राहिला. वाफेला वाट ठेवली नाही तर काय होतं, हे तेहेतीस वर्षं त्यांनी नव्या पोरांना दमात घेऊन शिकवलं होतं!

लताबाईंनी वांगं पदराआड धरलं. बाकी कुणालाच काही कळलं नव्हतं. आबा गप्प राहिले असते तर प्रकरण लोटनवर मिटलं असतं. नवीनची लाज राहिली असती, फोटोचीही राहिली असती. पोलीस लोटनचं नाव लिहायला लागला. "पूर्ण नाव सांग."

"थांबा!" आबा ओरडले. आवाज इतका चिरकला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "त्याचं नाव लिहू नका. टाकी चांगली आहे. मी... मी वांग्यांना टोचे मारले नाहीत!"

फाटकासमोर दीडशे माणसं होती.

"म्हणजे?" अग्निशमनच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"म्हणजे वांगी फुटली. नुसती वांगी. आणि भरीत मला येत नाही. कधीच येत नव्हतं. घरी हीच करते."

मग जो हशा उसळला, तो आबांना पायाच्या नखापासून कानाच्या पाळीपर्यंत भाजत गेला. कचेरीचा शिपाई पोट धरून पायरीवर बसला. पंडितच्या हातातला मोबाईल हसण्यानं थडथडत होता. सगळ्यात वाईट म्हणजे नवीन हसत नव्हता. तो साहेबांच्या कॉलरीतून बिया वेचत होता.

आबा लोटनपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "भाऊ, चुकलो."

लोटननं सायकलचं स्टँड काढलं. "जाऊ द्या आबा," तो म्हणाला, पण आबांकडे न पाहता. आणि पायडल मारत निघून गेला. ते न पाहणंच आबांना हशापेक्षा जास्त लागलं.

अधिकाऱ्यानं छापील फॉर्म काढला आणि टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून भरायला घेतला.

"स्फोट झालेली वस्तू?"

"वांगी," आबा पुटपुटले.

"किती नग?"

"साठ." मग लताबाईंच्या पदराआडून डोकावणाऱ्या वांग्याकडे पाहत, "एकोणसाठ. हे एक नुसतं फाटलंय."

"कारण. इथं तीनच रकाने आहेत. यांत्रिक बिघाड, मानवी चूक आणि इतर. कशावर खूण करू?"

आबांनी पिंपाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग मान खाली घालून अगदी बारीक आवाजात विचारलं, "इतर... चालेल का?"

"मानवीवरच करा, भाऊ," लताबाई डब्याचं झाकण उघडून अधिकाऱ्याच्या हातावर पुरी ठेवत म्हणाल्या. "आमचं लग्न झालं तव्हापासून मी हेच सांगू राह्यली!"