सोजरआक्का आणि ठासणीची बंदूक

सोजरआक्का बंदूक ठासायला बसली की तिच्या ओसरीवर कोणी शिंकायचं नाही, असा कायदा आहे. शिंक येणार असं वाटलं तर आधीच उठून लिंबाखाली जायचं. आमचे मालक एकदा ऐन वेळी शिंकले. काही सांडलं नाही, काही उडालं नाही, तरी आक्कानं मापून ठेवलेली बंदुकीची दारू पुन्हा डब्यात ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर त्यांना म्हणाली, "सासुरवाडीला जाऊन शिंका. तितं कवतिक हुईल."

आक्का आमची शेजारीण. सिरसाळ्याच्या अलीकडं, रस्ता सोडून आत आलं की आमचं रान लागतं. आमच्या रानाला लागून तिचं. मध्ये एकच बांध. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडी, पण आवाज असा की आमचा बैल तिच्या हाकेला थांबतो आणि माझ्या हाकेला चालतो. रानातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. एकुलता मुलगा बाळू अंबाजोगाईला एका कॉलेजात कारकून आहे. तो आईला दर महिन्याला घेऊन जायला येतो आणि दर महिन्याला एकटाच परत जातो.

बंदूक तिच्या मालकांची. रानडुकरं आणि कोल्ह्यांपासून पीक राखायचा परवाना होता त्यांच्याकडं. ते गेले तेव्हा भावकी म्हणाली, बाईमाणसाला काय करायची बंदूक? आक्का दुसऱ्याच दिवशी परवाना नावावर करायला तहसीलला गेली. चौकशीला एक साहेब रानात आले. त्यांनी विचारलं, "आजी, ही बंदूक तुम्ही स्वतः चालवता?"

आक्का म्हणाली, "न्हाई ओ. ती आपली आपन चालती. मी निस्ती संगं जाते."

साहेबांनी चहा घेतला आणि सही केली.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिला तयार काडतूस चालत नाही. प्रत्येक बार नळीच्या तोंडातून हातानं भरावा लागतो. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी लोखंडी गजानं ठासायचं. शेवटी चाप ओढला की आपटणाऱ्या घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची. एका बाराला एवढा खटाटोप, आणि बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं कोणी असतं तर कंटाळलं असतं. आक्काला यातच गोडी. आंघोळ करून, पदर खोचून, तोंड उगवतीकडं करून ती बसते. मापाला तिच्या लग्नातली काजळाची डबी आहे. डबी भरली की वरून बोट फिरवून सपाट करते. पावसाळ्यात दारू दमट होते म्हणून आधी चिमटीत धरून वास घेते. एका श्रावणात दारू फारच ओली वाटली, तेव्हा तिनं ती सुपात पसरून कोवळ्या उन्हाला ठेवली आणि दिवसभर राखण करत बसली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही आणि आम्हालाही पेटवू दिली नाही. आमची चूल तिथून शंभर पावलांवर. मी म्हटलं, "आक्का, इतक्या लांबून ठिणगी येईल का?"

"येनार न्हाई. पर आली तर तुज्या भाकरीपायी माजं छप्पर का म्हून घालवू?"

सगळ्यांनी गूळ-शेंगदाण्यावर दिवस काढला.

बोळ्याचंही तिचं शास्त्र आहे. वर्तमानपत्र तिला चालत नाही, नळीत धरून राहत नाही म्हणते. निवडणुकीची गुळगुळीत पत्रकं तिनं एकदा वापरून पाहिली. बार झाला आणि उमेदवाराचं अर्धं तोंड आमच्या लिंबावर जाऊन चिकटलं. तेव्हापासून जुनं सुती लुगडंच. तेही सात-आठ वर्षं नेसलेलं, धुऊन मऊ झालेलं. ठासताना ती बोलत नाही, ऐकते. गज आधी मऊ आवाज करतो. नीट बसलं की टण्ण करून हातभर वर उसळतो. तो उसळला की आक्काच्या तोंडावर जे समाधान येतं ते मी तिच्या नातवाच्या बारशातही पाहिलेलं नाही.

पलीकडच्या रानातल्या दिगंबरअण्णांकडं तशीच बंदूक आहे. त्यांना धीर नाही. भसाभसा दारू ओततात, कशानंही बोळा करतात. त्यांचा बार फुसकन होतो. मग आक्का बांधावरून ओरडते, "अण्णा, म्हैस शिंकली का काय वो?"

अण्णा चिडतात. "आवाज झाला ना? मंग?"

"बार हाय, भजं न्हाई. तेलात सोडलं अन् फुगलं, असं नसतंय त्ये."

हे तिचं ठरलेलं वाक्य. स्वयंपाक बिघडला, सून रुसली, गावात कोणाचं लग्न मोडलं, तरी आक्का हेच म्हणते.

एवढ्या मेहनतीनं भरलेला बार ती उडवते कुठं, तर आभाळात. दिवस मावळायच्या बेताला ती बांधावर येते, नळी वर करते आणि चाप ओढते. सगळं शिवार दणाणतं. डुकरं ओढ्याच्या झाडीतून निघायच्या आधीच माघारी वळतात. नेम धरून तिनं एकदाच मारला होता, हुरड्यात शिरलेल्या कोल्ह्यावर. कोल्हा पळाला आणि दिगंबरअण्णांच्या पाण्याच्या टाकीला चाळणी झाली. अण्णा भांडायला आले तर म्हणाली, "टाकी जाग्यावर हुबी व्हती म्हनून लागली. कोल्ह्यावानी पळायचं व्हतं तिनं."

तर अशी ही आक्का. यंदा निवडणूक लागली आणि कागद आला. परवान्याच्या सगळ्या बंदुका निकालापर्यंत ठाण्यात जमा करा. दर निवडणुकीला असा कागद येतो, दर वेळी आक्का बंदूक जमा करते आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या दारात हजर असते. पण या वेळी बाळू स्वतः आला. म्हणाला, "आई, मी घेऊन जातो तुला. साहेबांशी बोलून ठेवलंय."

बाळू इतका गोड बोलला की आक्कानं लगेच मला हाक मारली. "सुमे, तूबी चल. कागद वाचाया."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण आक्काला अक्षर येत नाही, म्हणून तिच्या लेखी मीच वकील.

आम्ही काळ्यापिवळ्या जीपमधून निघालो. आक्कानं बंदूक नव्या वाकळीत गुंडाळून मांडीवर आडवी घेतली होती. गाडीला खड्डा लागला की नळीखाली हात धरायची. बाळू पुढं बसून सगळी वाट तिला समजावत होता. "आई, आता वय झालं. रान बटईनं देऊ. अंबाजोगाईला दवाखाना जवळ, पोरं जवळ. तिथं काय कमी आहे?"

"डुकरं," आक्का म्हणाली.

ठाण्यात एक पोक्त जमादार टेबलावर रजिस्टर उघडून बसले होते. बाळूनं खिशातून टाईप केलेला कागद काढला, आईपुढं ठेवला आणि शाईची डबी उघडली. "इथं अंगठा दे. जमा केल्याचा कागद आहे."

आक्का त्याच्याकडं बघतही नव्हती. "सुमे, वाच."

मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर माझी जीभ अडली. बाळू माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण आक्कानं माझ्या दंडाला धरलं होतं, म्हणून वाचलं. "सदर परवानाधारक वयोमानामुळे आपली बंदूक व परवाना स्वखुशीने कायमचा परत करीत आहे."

"कायमचा," आक्का म्हणाली. "अन् ही स्वखुशी म्हंजी कुनाची खुशी?"

बाळूचे कान लाल झाले. "आई, एकटी राहतेस. उद्या पडलीस तर कोणाला कळेल? बंदूक गेली की राखण गेली, राखण गेली की तू येशील. मला दुसरी युक्ती सुचली नाही."

"कारकून झालास, पर युक्ती कच्चीच हाय तुजी. मी अंगठा देनार न्हाई. निकालापत्तुर ठिवते, तेवढीच पावती द्या."

जमादार मध्ये पडले नाहीत. त्यांनी रजिस्टर सरळ केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "बंदूक रिकामी आहे ना?"

आक्कानं वाकळ सोडून बंदूक टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आत बार न्हाई. पर रिकामी न्हाई."

दर वेळी विचारण्यावरच भागायचं; आज जमादारांनी पेन खाली ठेवलं. ठासणीच्या बंदुकीची परीक्षा सोपी असते. नळीत गज सोडायचा; तळापर्यंत गेला तर रिकामी. त्यांनी गज सोडला. तो चांगला वीतभर वर राहिला.

पुढं जे झालं ते मी विसरणार नाही. दोन शिपाई दाराबाहेर गेले, एक कपाटामागं. कोणीतरी म्हणालं, हवेत उडवून मोकळी करा. दुसरा म्हणाला, आचारसंहितेत ठाण्याच्या आवारात बार? नोकरी घालवता का माझी? भरलेली बंदूक जमा करून घेता येत नाही, आणि उडवताही येत नाही. बाळू हात जोडून म्हणाला, "आई, कशाला असं करतेस? मला अटक करवायचं ठरवलंस का?"

"गडी मानसं तुमी, चिंधीला भेता?" आक्कानं बंदूक भिंतीला टेकवली. गजाच्या टोकाला पेच असतो, तो तिनं नळीत घालून फिरवला आणि हळूहळू ओढला. बोळा बाहेर आला. जुन्या लुगड्याचा नव्हता. हिरव्या खणाचा तुकडा होता, कोरा, जरीच्या काठाचा.

मग तिनं नळी टेबलावर कलती केली. रजिस्टरवर गहू ओघळले. त्यांच्या मागून एक हळकुंड आलं आणि शाईच्या डबीला जाऊन टेकलं.

कोणी हसलं नाही. कपाटामागचा शिपाई बाहेर येऊन बघायला लागला.

जमादार खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, ही तर ओटी."

"मंग? परक्या दारात महिनाभर ऱ्हानार ती. लेकीला रिकाम्या वटीनं धाडतेत का कुनी?"

"पण ओटी तर..." जमादार अडखळले. आक्काच्या मोकळ्या कपाळाकडं त्यांची नजर गेली. विधवेनं ओटी भरायची नसते, हे ते बोलले नाहीत, पण आक्कानं ऐकलं.

"म्याच भरली. सवाशीन बोलवायची व्हती तर ही सुमी बांधापलीकडंच व्हती. न्हाई बोलावली. तिची आय म्या अन् बापबी म्याच. कुनाला काय म्हनायचं आसंल तर म्हना." मग आवाज थोडा उतरला. "धनी गेल्यापसनं सांच्याला माज्यासंगं बोलती ती येकटीच. दिवस मावळला की ती बोलती, अन् समद्या शिवाराला कळतंय, सोजर हाय. आजून हाय."

जमादारांनी गहू सांडू न देता गोळा केले, हळकुंडासकट खणाच्या तुकड्यात बांधले आणि पुरचुंडी बंदुकीच्या चापाला अडकवली. पावतीवर लिहिलं: ठासणीची बंदूक एक, सोबत पुरचुंडी एक. आक्कानं अंगठा दिला. "भुईला टेकवून ठिवू नगा. गंज धरतीया," एवढंच बोलली.

बाळूनं आपला टाईप केलेला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. अंबाजोगाईची गाडी ठाण्यासमोरच उभी होती. तो तिच्यात चढला नाही. आमच्याबरोबर रानात आला.

दिवस मावळायला आला तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते. हरभरा घाट्यात आलेला, ओढ्याकडं झाडी हलायला लागलेली, आणि आज बार नाही. तेवढ्यात बांधावरून आक्काची आरोळी आली, "हाऽऽऽ हुर्रर्र!" तिच्या पाठोपाठ एक पुरुषी आवाज आला. बारीक, चाचरत, रजेचा अर्ज द्यायला दारात उभं राहिल्यासारखा. "हा... हुर्र..."

ओढ्याकडची झाडी हलतच राहिली. मग आक्का कडाडली.

"आरं पोटातनं वरड की बाळ्या! डुकरं हायती ती, तुजे साहेब न्हाईत!"