एका बटणाची गणिती सिद्धता

नेत्ररुग्णालयाच्या नोंदणीच्या पानावर ‘पुढे’ असे एक बटण होते आणि ते दाबले जात नव्हते. कारण मुळीच गूढ नव्हते. पानाच्या तळाशी ‘आपली दृष्टी, आमची निष्ठा’ असे आश्वासन देणारी एक निळी पट्टी होती. ती अलीकडेच वरिष्ठांच्या इच्छेवरून रुंद करण्यात आली, आणि रुंदावलेल्या आश्वासनाखालून बटणाचा केवळ वरचा काठ बाहेर राहिला, बुडणाऱ्याच्या कपाळासारखा. रुग्ण नाव लिहीत, वय लिहीत, कोणत्या डोळ्याला कमी दिसते ते लिहीत, आणि मग त्या निळ्या आश्वासनावर बोट आपटत बसत. मुळात कमीच दिसत असल्यामुळे दोष आपल्या डोळ्यांचा, अशी बहुतेकांची समजूत होई.

रुग्णालयासाठी हे पान जिने रचले होते तिला तिच्या संस्थेच्या कार्यालयात सगळे ‘धाकटी’ म्हणत. तिला दुरुस्ती ठाऊक होती. एक ओळ बदलायची आणि बटण अंगठाभर वर घ्यायचे. चहाच्या दोन घोटांमध्ये होण्यासारखे काम. ते झाले नाही, कारण त्याच सकाळी विभागप्रमुख साहेबांनी एक लेख वाचला होता.

जगातले थोर प्रोग्रामर गणितात निपुण असतात, असे त्या लेखात म्हटले होते. साहेबांनी त्यावरून निष्कर्ष काढला की जो गणितात निपुण नाही तो प्रोग्रामरच नाही. आणि जो प्रोग्रामर नाही त्याने चालू कामाला हात लावणे हा गुन्हा नसला तरी अशिष्टपणा आहे. दुपारपर्यंत परिपत्रक निघाले. प्रत्येकाने परीक्षेद्वारे आपली गणिती पात्रता सिद्ध करावी. तोपर्यंत कोणीही कशातही काहीही बदल करू नये. नोकरीत कायम असलेले नापास झाल्यास त्यांना पायाभूत वर्गात बसवले जाईल. ज्यांची नोकरी अजून कच्ची आहे, त्यांना घरी बसवले जाईल.

धाकटीची नोकरी कच्ची होती. गणित त्याहून कच्चे होते.

“साहेब, परीक्षा होऊ द्या तुमची,” ती त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, “पण तेवढं बटण वर घेऊ का? अंगठाभर.”

“अंगठाभर म्हणजे किती?”

“म्हणजे... दिसेल इतकं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दिसेल इतकं! पाहिलंत? नेमकी हीच वृत्ती आपल्याला संपवायची आहे. या तुम्ही.”

घरी वेगळीच परीक्षा चालू होती. तिच्या आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. डाव्या डोळ्याच्या भरवशावर ती रोज संध्याकाळी फोन नाकाला लावून तेच पान उघडी.

“अगं, तुझं हे ‘पुढे’ मेलं हलत नाही.”

“आई, रुग्णालयात फोन करून बघ ना.”

“केला. ती बया म्हणते, पानावर नोंदणी करा. मी म्हटलं, पान माझ्या मुलीनंच केलंय. तर म्हणते, मग मुलीला सांगा.”

“परीक्षा झाल्याशिवाय हात लावता येत नाही गं.”

“परीक्षा तुझी, आणि अंधार माझ्या डोळ्यांपुढे! बरं, मावशीचा फोन होता. नोकरी पक्की झाली का विचारत होती.”

“मग काय सांगितलंस?”

“झाली म्हणून सांगितलं. आता तू काय ते निस्तर.”

निस्तरण्यासाठी धाकटीने शेजारच्या टेबलावरच्या प्रोफेसरला गाठले. तो कुठे शिकवत नव्हता. गणितात सुवर्णपदक मिळवून अखेर प्रोग्रामर झाल्यामुळे त्याला हे नाव पडले होते. त्याच्या बोलण्यात रिकाम्या संचांची एक शांतता असे. जेवणाच्या सुट्टीत तो तिला शिकवू लागला. ती डबा उघडी, तो समीकरण उघडी, आणि दोन्ही थंड होत.

“खरं सांग,” एकदा तिने विचारले, “आपल्या कामाला गणित लागतं का रे?”

“स्वयंपाकाला रसायनशास्त्र लागतं ना, तसं. एखाद्या दिवशी फार लागतं. एरवी मीठ कळलं की भागतं.”

“आणि मला मीठ कळतं?”

“तुला बटण कुठं हवं ते कळतं. ते मला अजून कळलेलं नाही.”

परीक्षा उपाहारगृहात झाली. टेबले इतकी लांब लांब मांडली होती की शेजाऱ्याचे उत्तर सोडाच, शेजारीही नीट दिसू नये. शेवटचा प्रश्न निर्णायक होता: तो चुकला की बाकीचे सारे बरोबर असले तरी उमेदवार अपात्र. प्रश्न खुद्द साहेबांनी काढला होता आणि उत्तरही त्यांनीच काढून लिफाफ्यात सीलबंद केले होते. लिफाफा तीन विभागांनी मंजूर केला. गोपनीयतेपोटी तो कोणीच उघडला नाही.

प्रश्न असा होता: एक बस जाताना ताशी तीस किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने परत येताना ताशी साठ किलोमीटर वेगाने येते. तर संपूर्ण प्रवासात तिचा सरासरी वेग किती?

धाकटीने पाठ केलेली सगळी सूत्रे आठवून पाहिली. त्यांपैकी एकही बसमध्ये बसेना. वेळ संपत आली होती. तिने पंचेचाळीस लिहिले आणि देवावर हवाला ठेवून उठली. प्रोफेसर मात्र पुरवण्या मागत होता.

निकाल लागला. धाकटी पहिली आली. प्रोफेसर नापास झाला. त्याच्या उत्तरपत्रिकेवर ‘मूलभूत संकल्पना कच्च्या’ असा शेरा होता.

“असं कसं झालं?” तिने विचारले. तिला खरोखरच वाईट वाटत होते, आणि त्या वाईटाखाली, पट्टीखालच्या बटणासारखा, थोडा आनंदही होता.

“उत्तर चाळीस आहे,” प्रोफेसर म्हणाला. “साठ किलोमीटरचा रस्ता धर. जाताना दोन तास लागतात, येताना एक. म्हणजे एकशे वीस किलोमीटर, तीन तास. भाग देऊन बघ.”

तिने भाग दिला आणि तिचा चेहरा पडला. दोघे साहेबांकडे गेले.

“तीस आणि साठ यांच्या मधोमध काय येतं?” साहेबांनी शांतपणे विचारले.

“पंचेचाळीस,” प्रोफेसर म्हणाला. “पण साहेब, बस जास्त वेळ हळू चालते.”

“तो बसचा दोष झाला. त्यात गणिताला का ओढता?”

“पण साहेब, चाळीस सिद्ध करता येतं.”

“येत असेल. पंचेचाळीसला तीन विभागांची मंजुरी आहे. तुमच्या चाळीसला कोणाची आहे?”

प्रोफेसरच्या सुवर्णपदकाच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण नव्हते. साहेब धाकटीकडे वळले. “तुमचं अभिनंदन. नोकरी पक्की. आजपासून तुम्ही गणिती अधिकारी. वरच्या मजल्यावर बसा. जाताना कीबोर्ड जमा करून जा.”

“कीबोर्ड कशाला? मी आता ते बटण...”

“ते काम पात्र प्रोग्रामर करतील.”

“पात्र कोण झालंय?”

“तुम्ही.”

“मग मीच करते की.”

“अहो, तुम्ही आता प्रोग्रामर कुठे राहिलात? तुम्ही पात्र झालात.”

वरच्या मजल्यावर गालिचा होता, खिडकी होती आणि खिडकीत आकाशाचा एक अनुत्पादक तुकडा होता. धाकटीसारखेच चुकून बरोबर आलेले आणखी काही जण तिथे बसत आणि एकमेकांच्या सह्यांखाली सह्या करत. खालच्या मजल्यावर, जिथे कीबोर्ड होते, तिथे आता केवळ नापास झालेले उरले होते, आणि त्यांना कीबोर्डला हात लावण्याची मनाई होती. रुग्णालयाने पत्र पाठवले. गणिती अधिकाऱ्यांनी उत्तर दिले की बटण दाबले जाऊ शकेल अशी किमान एक जागा त्या पानावर अस्तित्वात असल्याचे सिद्ध झाले आहे; ती जागा शोधणे हा तपशिलाचा भाग होय.

“मावशीला पेढे... म्हणजे बातमी दिली,” आई म्हणाली. “आता अधिकारी झालीस. आता तरी बटण सरकव.”

“आई, अधिकारी झाले म्हणूनच सरकवता येत नाही.”

आईने फोन नाकापासून दूर केला. मग म्हणाली, “आता डावाही धुरकट दिसायला लागलाय. तू दारातून आत आलीस की तूच आहेस हे चालीवरून ओळखते.”

त्या रात्री धाकटीला गालिचा टोचू लागला. दुसऱ्या दिवशी पायाभूत वर्ग होता. तो शिकवण्याचे काम पहिल्या आलेल्या व्यक्तीकडे, म्हणजे तिच्याकडेच होते. तिने फळ्यावर बस काढली. बसखाली पंचेचाळीस लिहिले. मागच्या बाकावर बसलेल्या प्रोफेसरने ते वहीत उतरवून घेतले नाही. तास संपल्यावर तिने त्याला जिन्यात अडवले.

“फेरपरीक्षा आहे ना? प्रश्न तोच येणार. प्रश्नपत्रिका गोपनीय आहे. बदलायची तर कोणाला तरी ती वाचावी लागेल. पंचेचाळीस लिही ना रे.”

“ते चूक आहे.”

“मीही तेच लिहिलं होतं.”

“तू लिहिलंस तेव्हा तुला ते खरं वाटत होतं. मला ते खोटं म्हणून लिहावं लागेल. फार अंतर आहे दोन्हींत.”

“आईला माझा चेहरा दिसत नाही आता,” ती म्हणाली.

प्रोफेसर कठड्यावर बोटाने काहीतरी लिहीत राहिला. “पास झालो तरी काय? मलाही वर बसवतील.”

“ते माझ्यावर सोड.”

ती साहेबांकडे गेली. पास झाल्यावर माणसाला वर पाठवण्याआधी काम आवरायला एक तास द्यावा, एवढीच तिची विनंती होती. साहेबांनी विचार केला. मग त्यांनी एक फाईल तिच्यापुढे सरकवली. ‘संस्थेबाहेरील व्यक्तींच्या गणिती पात्रतेबाबत’ असे तिच्यावर लिहिले होते.

“यावर तुमची सही राहिली आहे. ती झाली की तुमचा तास मंजूर.”

फाईल जाड होती आणि आईचा डोळा नाजूक. धाकटीने न वाचता सही केली. वरच्या मजल्यावर वाचून सही करणाऱ्याकडे संशयाने पाहत.

फेरपरीक्षेत प्रोफेसरने एकही पुरवणी मागितली नाही. निर्णायक प्रश्नापाशी त्याचे पेन थोडा वेळ हवेत थांबले, आणि मग त्याने पंचेचाळीस लिहिले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. सुवर्णपदकविजेत्याला अखेर गणित आले.

मंजूर झालेल्या त्या एका तासात धाकटी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. “वर घे. अजून. थोडं अजून. बास!” बटण निळ्या पट्टीच्या वर आले आणि पूर्ण दिसू लागले. चहाचा एक घोटदेखील झाला नव्हता. प्रोफेसरने स्वतःहून कीबोर्ड उचलला आणि जमा करायला निघून गेला. तिने आईला फोन लावला.

“आई, आता दाब.”

पलीकडून आईचा लहान मुलीसारखा आवाज आला: “गेलं! अगं बाई, पुढं गेलं!” धाकटीने डोळे मिटून घेतले.

“आता एक बस आलीय,” आई म्हणाली.

“बस?”

“हो. वर लिहिलंय, आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. जाताना तीस, येताना साठ, सरासरी सांगा. मी सांगितलं, चाळीस.”

“तुला कसं आलं?”

“त्यात काय यायचंय? हळू चालतो तोच वेळ माणसाच्या वाट्याला जास्त येतो, हे या वयात तू मला शिकवणार? बाकीचं बोटांवर मोजलं. पण हे म्हणतंय, आपण माणूस असल्याचं सिद्ध झालं नाही.”

धाकटीला ती जाड फाईल आठवली, आणि तिच्या शेवटच्या पानावरची आपली वळणदार सही.

“आई,” ती हळूच म्हणाली, “पंचेचाळीस लिही.”

“पण ते चूक आहे.”

“हो. चूक आहे. लिही.”

“मला डोळे उघडून घ्यायचेत गं,” आई म्हणाली, “मिटून नाही.” पण आईने लिहिले. पानाने तत्काळ तिला माणूस म्हणून मान्यता दिली आणि सोमवारची वेळ दिली.

हे पान आता सर्वांसाठी खुले आहे. वाचकांपैकी ज्यांनी तो प्रश्न वाचताक्षणी, कोणाला न सांगता, मनातल्या मनात पंचेचाळीस हेच उत्तर काढले होते, त्यांच्या माणूसपणाविषयी संस्थेला कोणतीही शंका नाही. वरच्या मजल्यावर काही जागाही रिकाम्या आहेत. ज्यांचे उत्तर चाळीस आले, त्यांनी कृपया पुन्हा प्रयत्न करावा.